एरंडीच्या पेंडीचं पाणी

चाकणकडे उन्हाळ्यात जाऊ नका, आणि गेलातच तर सायकलचा पंप बरोबर ठेवा. मी दोन्ही बाबतींत चुकलो. पुण्याहून सकाळच्या गाडीत सायकल चढवली, चिंचवडला उतरवली आणि मोशीच्या रस्त्याला लागलो.

मी शेतकी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. एरंडीची पेंड उसाला खत म्हणून चालते, जनावराने खाल्ली तर ते मरतं. तिच्यातलं विष काढून ती चारता येते, हे आम्ही प्रयोगशाळेत दाखवलं होतं. चारच दिवसांपूर्वी चाकणच्या अलीकडे एका वस्तीवर, सोनाबाईंकडे, एक पोतं ठेवून कृती समजावून आलो होतो. आता कौतुक ऐकायला निघालो होतो, दुसरं काय!

मोशीला चहा घेतला, एक आणा. नवे पैसे नुकतेच आलेले, त्यामुळे सुट्ट्यावरून हुज्जत झालीच. पुढे इंद्रायणी ओलांडल्यावर चढ लागतो, सगळा फुफाटा. तिथेच चाक बसलं. उरलेला रस्ता सायकल ढकलत गेलो.

सोनाबाई गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. आत बैल रवंथ करत होता. शेजारी नुकतीच व्यालेली म्हैस मान टाकून पडली होती. शेणात रक्त होतं.

"मावशी, हिला पेंड घातलीत?"

"न्हाई वो साहेब. पेंड बैलालाच. तुमी सांगितली तशी रातभर भिजवली, पानी काढलं, मग दोन तास शिजवली."

"आणि काढलेलं पाणी?"

"हिला पाजलं. वली बाळंतीन हाय. सत्त्व पान्यातच उतरतंय न्हवं? शेंगदान्याच्या पेंडीचं बी तिलाच देतो आमी."

विषही त्याच पाण्यात उतरतं. 'पाणी काढा' म्हणालो होतो, 'फेकून द्या' म्हणालो नव्हतो. प्रयोगशाळेत ते मोरीत जातं, कुणाला सांगावं लागत नाही. इथे पेंडीचं पाणी कोण फेकतं?

दुपारी म्हैस गेली. रेडकू तिच्या आचळांना ढुसण्या देत राहिलं, शेवटी सोनाबाईंनी त्याला ओढून बाजूला बांधलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. "खावा. लांब जायचंय तुमाला." मी खाल्ली. अजून त्या भाकरीची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या साहेबांना सगळं सांगितलं.

"बैल कसा आहे?"

"ठणठणीत."

"म्हशीने पेंड खाल्ली नव्हती ना?"

"नाही."

त्यांनी अहवालात लिहिलं, 'पेंड निर्धोक.' त्यात खोटं काहीच नाही. खाली सही माझी आहे.