समोरबाईचे पाय नदीकडे

समोरबाईला मागून हाक मारून काही उपयोग नसे. ती वळत नसे. घसा कोरडा पडेपर्यंत ओरडा, ती आपली चालत राही. बोलायचंच असेल तर धावत जाऊन तिच्यापुढे उभं राहावं लागे. मग ती हसून म्हणे, "आता कसा आला समोर! देवानं डोळे समोर कायले देले मंग?" आमच्याकडे पुढे जाण्याला समोर जाणं म्हणतात, त्यावरून तिचं हे नाव पडलं. खरं नाव एस्तेर. पण त्या नावाने तिला फक्त पाळकसाहेब हाक मारत, तेही समोरून.

ती आमच्या गावची बायबलबाई. पिशवीत बायबल आणि काखेत छत्री घेऊन घरोघर जायची, आजाऱ्यांजवळ बसून वाचायची, प्रार्थना करायची आणि निघताना घरच्यांना चार शब्द सुनावून यायची. माझ्या आईची ती मैत्रीण, म्हणून माझी मावशी. दुःख उगाळत बसणाऱ्या माणसाचं तिला वावडं होतं. "बायबलातली लोटाची बायको मागं वळली अन् मिठाचा खांब झाली. तू काहून वळून राहिली?" असं ती ताज्या विधवेलाही ऐकवायची, आणि मग तिच्याच घरी बसून तिची भांडी घासून द्यायची.

आमची मंडळी मात्र उगाळण्यात पटाईत. मिशनरी साहेब जाऊन जमाना झाला, तरी चर्चच्या ओट्यावर विषय एकच, साहेबाच्या वेळी असं होतं नि साहेबाच्या वेळी तसं होतं. यात सगळ्यांच्या पुढे घंटेकाका. चर्चची घंटा वाजवणं आणि कबरी खणवून घेणं ही दोन्ही कामं त्यांच्या घराण्यात चालत आलेली. मावशी त्यांना तोंडावर म्हणे, "साहेब गेले, अन् तुम्ही अजून त्याइचे कप धुऊन राहिले." काका चिडायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा साहेबांवर यायचे.

मग धरण आलं. घरं, चर्च, कबरस्तान, सगळं बुडणार हे ठरलं आणि आम्हाला वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याच्या बाजूला नव्या वस्तीत नेऊन टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. सरळ रेषेतले रस्ते आणि सावलीला एक झाड नाही. निघताना लोकांनी आपापल्या कबरींवरची माती डब्यांत भरून घेतली. मावशीने घेतली नाही. तिथे तिचा नवरा होता आणि तापाने गेलेली मुलगी होती. मला तिचा भयंकर राग आला. म्हटलं, "मावशी, मौसाजीले पाण्यात सोडून चालली तू?"

"तेथं हाडं हायेत, बाबू," ती म्हणाली. "तुझे मौसाजी मले समोर भेटतीन."

चर्चचं छप्पर पाण्याखाली गेलं त्या दिवशी सगळी वस्ती काठावर रडायला जमली. मावशी आली नाही. मी बघायला गेलो, तर ती नदीकडे पाठ करून नव्या घराचं अंगण सारवत होती. सारवून झालेली जागा पुन्हा सारवत होती, परत तीच जागा. ही बाई दगडाची आहे असं लोक म्हणाले, तेव्हा एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं.

नव्या कबरस्तानाची जागा तिनेच भांडून मिळवली. तिथे आधी एक जांभळाचं रोप लावलं आणि रोपाच्या पश्चिमेची जागा स्वतःसाठी सांगून ठेवली. आमच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेकडे करतात. प्रभू येईल त्या दिवशी माणूस उठेल तो उगवतीकडे तोंड करून उठावा, म्हणून. "उठल्याबरोबर काहीतरी हिरवं दिसलं पाह्यजे," ती म्हणे. उन्हाळाभर कडेवर हंडा घेऊन ती त्या रोपाला पाणी घालत राहिली.

ती गेली ऐन पावसाळ्यात. नव्या कबरस्तानातली पहिली कबर तिचीच. मी सानगडीला नोकरीला. पोहोचलो तेव्हा माती लोटणं संपत आलं होतं. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. बघतो तर डोक्याकडचा क्रूस जांभळाजवळ रोवलेला, म्हणजे जांभूळ तिच्या उशाला.

"काका, पाय कोणीकडे केले?"

"नदीकडे. नेहमीसारखे," घंटेकाका म्हणाले.

जुन्या गावात नदी पूर्वेला होती. कबर खणताना 'पाय नदीकडे' एवढंच सांगितलं जायचं. पूर्व शोधायची कुणाला गरजच पडली नव्हती. इथे नदी पश्चिमेला आहे. जन्मभर मागे न वळलेल्या बाईला आम्ही बुडालेल्या गावाकडे तोंड करून निजवलं होतं, तिच्या जांभळाकडे पाठ करून.

मी म्हटलं, उकरा. कुणी फावडं उचललं नाही. पाळकसाहेब म्हणाले, देव दिशा बघत नाही. देव बघत नसेल. ती बघत होती. घंटेकाका आधी चपापले, पण संध्याकाळपर्यंत सावरले. चहा पिता पिता सगळ्यांना सांगत होते, "शेवटी बाईलेही गाव आठोलंच." बायकांनी डोळे पुसले. मला हे त्या चुकीपेक्षा जास्त झोंबलं. जिवंतपणी जी त्यांच्या रडगाण्यात कधी बसली नाही, तिला मेल्यावर ओढून बसवलं. पुढच्या कबरीही मग ओळ बिघडू नये म्हणून तशाच खणल्या गेल्या.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि पुनरुत्थानाची गीतं गातो. रिवाज असा, की मेलेल्यांच्या उशाशी, त्यांचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला बघत उभं राहायचं. त्यामुळे आता सगळी मंडळी पाण्याकडे बघत गाते, आणि सूर्य उगवतो त्यांच्या पाठीमागे. मावशीची आशा काही माझ्यात उतरली नाही. तिचा हट्ट तेवढा उतरला. मी जांभळाच्या पलीकडे जातो आणि उगवतीकडे तोंड करून एकटाच उभा राहतो. झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. दरवर्षी मागून घंटेकाकांची हाक येते, "अरे बाबू, तिकडं काहून उभा हायेस? वळ ना इकडं."

मी वळत नाही.