बिशारीकाकांचा फडका

कैरोतल्या आमच्या गल्लीत उस्ताद वगदी जुन्या गाड्यांचा रंग उजळतो. वडिलांच्या निळ्या मोटारीवर त्याने तीन दिवस यंत्र फिरवलं आणि मला बजावलं, "रंगाचा पापुद्राच उरलाय. पुन्हा पॉलिश केलं तर थेट पत्रा दिसेल!"

चौथ्या सकाळी पाहतो तर, लहानपणी मला कडेवर खेळवणारे आमचे दरवान बिशारीकाका धुळीने माखलेला ओला फडका आरशासारख्या बॉनेटवर गरागरा घासत होते. तीस वर्षांचा नेम!

"काका, थांबा! ओरखडे पडतायत!" वगदी किंचाळला.

"गप रे! तू आलास तीन दिवसांपूर्वी. ही गाडी रोज मी पुसतो." मग माझ्याकडे वळून हसले, "बघ बेटा, कशी चमकवली!"

उन्हात ओरखड्यांचं जाळं लखलखत होतं. वगदी पायरीवर मटकन बसला.

"तुमचे हात सलामत राहोत, काका," मी रीतीप्रमाणे आभार मानत म्हणालो.

"उद्या छत घासतो!"