शिवणकाकीचे पावणेसात इंच

कोरगावात कोणाचा मुलगा परदेशी निघाला की त्याची आई आधी शिवणकाकीकडे यायची. काकी ब्लाउज शिवायची. आफ्रिकेतून परतलेल्या दिराने तिला पृथ्वीचा गोल आणून दिला होता. त्यावर कापडी टेप लावून ती सांगायची, "मुंबई ते लंडन पावणेसात इंच. म्हणजे धा तास. लांब नाय गो." स्वतः ती म्हापशापलीकडे गेलेली नव्हती.

शेजारचा रमाकांत लंडनला गेला तेव्हा मात्र पंचाईत झाली. मुंबईहून सकाळी सहाला सुटलो आणि साडेदहाला उतरलो, असं त्याचं पत्र आलं. गावाने साडेचार तास धरले आणि काकीला चिडवू लागलं. काकीने रमाकांतला एकच प्रश्न लिहून पाठवला: विमानात कितीदा खायला दिलं? उत्तर आलं, दोनदा जेवण, एकदा चहा. काकीने ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. "साडेचार तासांत दोन जेवणां कोण घालता? घड्याळ थंयचां वेगळां. पोट खोटां बोलणा नाय."

गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास तिची लेक शैला लग्न होऊन लंडनला गेली आणि दोन वर्षांनी तिने बाळंतपणासाठी आईला बोलावलं. काकी महिनाभर टाळत राहिली. शेवटी मला म्हणाली, "लोकांका लांब नाय म्हणून सांगलंय. आता माका लांब दिसता." तरी गेली. दाबोळीच्या विमानतळावर तिला सोडायला मी गेले होते. आत जाईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

पोचल्यावर तिचं पत्र आलं, त्यात विमानप्रवासाबद्दल एकच ओळ होती. जावयाची गाडी वाटेत अडकली आणि काकी तासभर विमानतळावर एकटी उभी होती. "धा तास कसे गेले कळलां नाय," तिने लिहिलं होतं, "पण तो एक तास संपता संपेना."

सहा महिन्यांनी ती परत आली. बायका पुन्हा येऊ लागल्या. काकी टेप लावायची, पण त्याआधी विचारायची, "थंय न्हेऊक कोण येतलो?" न्यायला येणारं कोणी नसलं तर ब्लाउज तसाच टाकून तिथल्या कोणा ओळखीच्याला पत्र लिहायला बसायची.

मला मस्कतला नर्सची नोकरी मिळाली तेव्हा मलाही तिने तेच विचारलं. हॉस्पिटलची गाडी येईल, मी म्हटलं. काकी "बरां" म्हणाली आणि काज करू लागली.

मस्कतला गाडी आली नव्हती. सामानाजवळ उभी राहून मी रडू आवरत होते, तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ घाईघाईने समोर आले. ते रमाकांतचे मेहुणे, हे मागाहून कळलं. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"कोरगावची ना तू?" ते म्हणाले. "चल. दुपारपासून उभा आहे. काकीने दोन पत्रं लिहिली होती, पहिलं हरवलं तर म्हणून."