बदामाच्या पोटातली तार

रविवारी सकाळी परसात आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी वसुधा आणि फांद्यांचे बारीक तुकडे करणारं आपलं यंत्र घेऊन आलेले शेजारचे दिगंबरकाका. काम झाल्यावर पात्यांना धार लावून घ्यायला मी त्यांना साठ रुपये द्यायचे, हे आधीच ठरलं होतं. त्यांच्याकडची पात्यांची ही शेवटची जोडी. तसली पाती आता मिळत नाहीत.

तोडलेल्या बदामाची एकेक फांदी काका ओल्या फडक्यानं पुसत होते.

"काका, फांद्यांना आंघोळ घालताय की काय?" मी म्हटलं.

"लाकडानं पातं फारसं झिजत नाही रे. मातीनं, खड्यानं, खिळ्यानं जातं."

मी एक जाड फांदी उचलली, तशी वसुधेनं तिच्यावर हात ठेवला. "अहो, ही नको. आईंची कपडे वाळत घालायची तार हिलाच बांधलेली होती."

तार कुठंच दिसत नव्हती. काकांनी पटाशीनं साल हळूच सोलली, तेव्हा आत गंजलेला वेढा निघाला. तेवढा तुकडा त्यांनी करवतीनं वेगळा काढला. आई गेल्यावर लाकूड तारेवरून वाढत गेलं आणि मी विसरून गेलो. वसुधा विसरली नव्हती.

माणसंही असं काहीबाही पोटात घेऊन वाढतात. कुणाच्या आत काय रुतलंय हे ठाऊक असलं, की आपलाही हात जरा हळू चालतो, आणि दोघांचं निभतं.

दुपारी काम संपलं. पाती शाबूत होती. काकांनी ठरलेले साठ रुपये मोजून घेतले आणि तारेचा तो तुकडा वसुधेच्या ओंजळीत ठेवला.

"हा तुझ्या सासूबाईंकडून," ते म्हणाले.