आईच्या फोनवरची चार चित्रं

तू माणच्या सॉफ्टवेअर कंपनीत नेमकं करतेस काय, असं रिहे गावातल्या बायका गौतमीला विचारायच्या. तिला धड सांगता यायचं नाही. फोनवर नोटिफिकेशन येतं, ते दाबून धरलं की ॲप न उघडता तिथंच छोटा पडदा उघडतो. जेवणाचं पार्सल कुठवर आलं त्याचा नकाशा, हो-नाहीची बटणं. असले पडदे ती बनवायची. तिच्या आईने, रंभाबाईने मात्र झटक्यात अर्थ लावला होता.

"म्हंजे पाव्हण्याला घरात घ्यायचंच न्हाई, वसरीवरनंच वाटंला लावायचं. ह्याचा पगार देत्यात व्हय गं?"

आणि मग आळीभर तेच सांगून हसत फिरली होती.

दिवाळीनंतर रंभाबाईचं बोलणंच गेलं. लकव्याने उजवं अंग लुळं पडलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. डावा हात तेवढा उरला, तोही कापरा. वडील कधीच गेलेले, भावंड नाही. नोकरी सोडून चालणार नव्हतं. डोंगरावरच्या वाडीतली सखू दिवसभर आईपाशी थांबायला तयार झाली.

मग गौतमीने आपली विद्या घरी आणली. ती ऑफिसात असली की आईच्या फोनवर तासातासाला नोटिफिकेशन यायचं. ते दाबून धरलं की चार चित्रं उघडायची: तांब्या, ताट, कपाळ धरलेली बाई आणि गौतमीचा फोटो. फोटोवर बोट टेकवलं की अर्थ एकच, घरी ये. काहीच नको असेल तर नोटिफिकेशन बोटाने बाजूला सारायचं. गौतमीला 'आई बरी आहे' असा निरोप जायचा. आईचं बोट आपल्या हातात धरून तिने दोन-तीनदा करवून घेतलं. जमलं. गौतमी समाधानाने कामावर जाऊ लागली. दिवसभर निरोप यायचे, आई बरी आहे. ऑफिसात तिने ते कौतुकाने दाखवलंही.

हळूहळू आई तिच्याकडे बघेनाशी झाली. घास घ्यायची, पण नजर भिंतीकडे. आजारपणात माणसाचं असं होतं, अशी गौतमीने स्वतःची समजूत घातली.

एका बुधवारी डोकं चढलं म्हणून ती दुपारीच परतली. ओसरीवर चपला काढताना खिडकीतून तिला आई दिसली. उशाशी फोन वाजला. आईने डावा हात उचलला, बोट पडद्यावर टेकवलं, दाबून धरलं. बोट थरथरलं, बाजूला घसरलं आणि नोटिफिकेशन निघून गेलं. त्याच क्षणी गौतमीच्या हातातला फोन थरथरला. आई बरी आहे.

आई दाराकडे बघत राहिली.

सखू पाण्याची कळशी घेऊन मागून आली. गौतमीने विचारलं, हे असं रोज?

"रोजच की, ताई. बोट लावत्यात आन् दाराकडं बघत ऱ्हात्यात. मला वाटलं तुमाला कळतंय, पन सुटी मिळत न्हाई."

शिकवताना बोट हललं नव्हतं, कारण ते गौतमीने धरलं होतं.

तिने आईपुढे बसून सगळं सांगितलं, रडली. आईने ऐकलं की नाही, कळलं नाही. शुक्रवारपर्यंत तिने सगळं बदललं. आता दाबून धरायला नको, सारलं तरी जाणार नाही, चित्रं पडदाभर. नुसतं बोट लागलं तरी पुरे.

सोमवारी ऑफिसातून तिने पहिलं नोटिफिकेशन पाठवलं. उत्तर नाही. दुसरं, तिसरं. शेवटी सखूला फोन केला.

"बघत्यात, ताई. बोट न्हाई लावत."

गौतमी स्कूटर काढून घोटवड्याच्या रस्त्याने तशीच घरी आली. चारही चित्रं उजळलेला फोन उशाशी होता. तिने आईचा डावा हात हातात घेतला, बोट उलगडलं आणि आपल्या फोटोकडे नेऊ लागली.

"आई, एकदा लाव. आता मला कळंल."

आईने हळूच मूठ मिटली आणि हात पदराखाली ओढून घेतला.