आधी पाय दाखव

बापू मिस्त्री गाडीकडे आधी बघायचेच नाहीत. बुलढाण्यात धाडच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गाडी आत आली की ते स्टुलावर बसायचे, मांडीवर फडकं पसरायचे आणि मालकाला म्हणायचे, "पाय दाखव. डावा." समोर जीपवाला असो, डॉक्टर असो, की बुटांना नुकतंच पॉलिश केलेला नवरदेव असो, बूटमोजे काढून पाऊल बापूंच्या तळहातावर ठेवायचं आणि दाबायचं. बापू डोळे मिटून तो जोर अजमावायचे. मगच गाडीला कुठला क्लच बसवायचा हे ठरायचं. तोवर बॉनेटला कोणी हात लावायचा नाही.

मी मलकापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो. चाळिशी ओलांडली की काहींना देव आठवतो. मला टर्बो आठवला. माझ्या जुन्या डिझेल गाडीला मी मोठा टर्बो बसवून आणला, इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलं. गाडीत अशी ताकद आली की कंपनीच्या क्लचला ती आवरेना. राजूर घाटात जोर दिला की इंजिन बोंबलायचं, आरपीएमचा काटा सरसर वर चढायचा आणि गाडी मात्र जागच्या जागी. वर जळका वास. एकदा तर एसटी मला मागे टाकून गेली आणि कंडक्टरने खिडकीतून हात हलवून निरोप घेतला. तो अपमान उराशी घेऊन मी बापूंकडे आलो.

"बापू, क्लचला सिरॅमिकची प्लेट टाकू. रेसिंगवाली, सहा बटणांची," मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"पाय दाखव."

मी दात आवळून, चेहरा लाल करून दाबलं. बापूंनी एक डोळा उघडला. "मास्तर, हा पाय आहे का खडू?"

मग त्यांनी समजावलं. "सिरॅमिक धरते तं कुत्र्यावानी धरते. एक तं सोडलं, नाई तं धरलं. मधलं काईच नाई. शाळेच्या फाटकात पोरं असतात बे, तिथं तुही गाडी उडी मारीन. तुले मधलं पाह्यजे." म्हणून प्लेट साध्याच जातीची, नरम ठेवली आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जास्त जोराची घेतली. जोर वाढला की पेडल जड होतं. ते किती जड चालेल, हे माझ्या खडूवरून ठरलं होतं. "रोज दाबशीन तं खडूचा पाय होईन," ते म्हणाले.

नव्या प्लेटला बापू कडेनेच धरायचे, तेही धुतलेल्या फडक्यात. मी कौतुकाने बोट पुढे केलं, तर हातावर चापट बसली. "नवरीची मेंदी ओली असते तवा तिचा हात धरतो का? तेलकट बोट लागलं का पकड गेली." प्लेट ज्याला धरते ते फ्लायव्हील लेथवर घासून आलं, सगळं बसलं, आणि मग बापू अनवाणी आत जाऊन बसले. डावा पाय पेडलवर ठेवून त्यांनी गाडी वीतभर पुढे घेतली, वीतभर मागे घेतली. केबल थोडी सैल केली. पुन्हा वीतभर पुढे, वीतभर मागे. तासभर हेच. आपल्या डाव्या पायाने पास केल्याशिवाय बापूंनी एकही गाडी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. कारागीर कितीही तरबेज असोत, शेवटचा पाय बापूंचा.

नवा क्लच रुळेपर्यंत त्याला जोर द्यायचा नाही, हळूहळू धरायचं आणि सोडायचं, हा नियम सगळे मेकॅनिक सांगतात. बापूंनी त्यासाठी जागा शोधून ठेवली होती: धाडचा आठवडी बाजार. ते भज्यांचा पुडा घेऊन शेजारी बसले आणि माझी वाघासारखी गुरगुरणारी गाडी बकऱ्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने निघाली. थांब, सोड, धर, थांब. इतक्यात एका म्हातारीने मागचं दार उघडलं, मेथीची पाटी आत सारली आणि स्वतःही बसली.

"बुलढान्याले जाते ना रे?"

"जाते, मावशी," बापू भजं चावत म्हणाले. "पन हळू जाईन. डायवर नवा आहे."

"नवा कशाचा? टक्कल पडून राह्यलं!"

बापू इतके हसले की त्यांना भजं अडकलं. म्हातारीला आम्ही तिच्या लेकीच्या दारात सोडलं. गाडीला महिनाभर मेथीचा वास होता.

पुढे घाटात मी ती एसटी गाठली, तेव्हा बापू बाजूला होते. मी विजयाची आरोळी ठोकली. त्यांचे डोळे मिटलेले. "एसटी गेली वाटते," एवढंच म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात बापूंना लकवा झाला. डावी बाजू गेली. हात थोडा परत आला, पाय आला नाही. गॅरेजात गाड्या तयार होत होत्या, पण फाटकाबाहेर जात नव्हत्या. "मी येतो न पास करतो," असा खाटेवरून निरोप होता. गिऱ्हाइकं आधी थांबली, मग कुरकुरली. बापू दिवसभर त्या पायाकडे बघत बसायचे.

मी दर रविवारी जायला लागलो. पहिल्याच रविवारी मांडीवर फडकं पसरलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, "पाय दाखव. डावा." अर्धं तोंड हसलं. मी त्यांचं पाऊल उचलून तळहातावर घेतलं. ते डोळे मिटून दाबू लागले. कपाळावरची शीर फुगली. माझ्या हाताला काही कळलं नाही. वाळलेलं पान ठेवावं तसं ते पाऊल होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या बायकोने, माईंनी विचारलं, "लागला का जोर?"

आणि मी, वीस वर्षं नाटकं बसवणारा माणूस, ओरडलो, "अहो माई, धावा! बोटं मोडली माझी!" हात झटकत खोलीभर नाचलो. माई पदराने डोळे पुसत हसल्या. बापूही हसले. मग दर रविवारी तोच प्रयोग. "लागला का जोर?" माई विचारायच्या आणि मी थोडं जास्त कळवळायचो. एका रविवारी तर जाहीर केलं, "आज सिरॅमिकही चालेल!"

पुढच्या रविवारी बापू गॅरेजच्या फाटकाशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. "मास्तर, तुही गाडी घे आत. तिच्यावर पाहतो."

मला तेव्हाही खरं सांगता आलं असतं. आम्ही त्यांना उचलून बसवलं. उजव्या हाताने त्यांनी डावा पाय उचलला आणि पेडलवर ठेवला. कारागीर पाने खाली ठेवून उभे राहिले. बापूंनी डोळे मिटले. सदरा पाठीला चिकटला. मी पेडलकडे बघत होतो. ते नखभरही हललं नाही.

डोळे उघडून ते म्हणाले, "मीच जड केल्तं." मग माझ्याकडे वळून, "काऊन खोटं बोलला बे?"

मी वाकून त्यांचा पाय पेडलवरून खाली घेतला.

"तोंडानं बोल लागन तेवढं. ते तुहं कामच आहे. पन हाताले खोटं बोलाले लावू नको." रागावले नव्हते. मग कारागिरांना म्हणाले, "समद्या गाड्या देऊन टाका. तुमीच चालवून पाहा न देऊन टाका." त्या दुपारी एकामागून एक गाड्या बापूंच्या पायाशिवाय फाटकाबाहेर गेल्या. निघताना प्रत्येक गाडीचा क्लच कुठे धरतो, ते बापू मान वाकडी करून ऐकत होते.

त्यानंतर कुठल्याच रविवारी मी फडकं काढलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. चहा पिऊन मी लवकर उठायचो.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला.

मी पोचलो तेव्हा बापूंना ओसरीवर निजवलं होतं आणि माणसं रांगेने येऊन त्यांच्या पायांवर डोकं टेकवत होती. जीपवाले, डॉक्टर, सगळे. ज्यांनी कधी ना कधी त्यांच्या हातावर पाऊल ठेवलं होतं ते. माझी पाळी आली. मी खाली बसलो आणि डाव्या तळपायाला तळहात लावला. मागे कोणीतरी खाकरलं. मी हात काढला नाही. डोळे मिटले आणि थांबलो.

उशाशी बसलेल्या माई माझ्याकडे बघत होत्या. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"लागला का जोर?"

"नाही, माई," मी म्हणालो.