‘ऊन लागलं’ म्हणू न देणारे डॉक्टर

डॉ. भास्करराव निंबोळकर यांची आणि माझी पहिली भेट वडनेर भोलजीच्या आठवडी बाजारात झाली. महाराष्ट्र राज्य नवे होते आणि मीही नवाच होतो. नागपूरहून पदवी घेऊन त्यांच्या दवाखान्यात मदतीला म्हणून आलो, तर दाराला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, ‘‘डाक्तरसाहेब बजारात बसून राह्यले. मिरचीवाल्याच्या बाजूले पाहा.’’

मला वाटले, माणूस थट्टा करतो आहे. पण लिंबाखाली पोते अंथरून डॉक्टर खरोखरच बसले होते आणि एका म्हाताऱ्याच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळत होते. म्हातारा दुसऱ्या हाताने तो सोडवत होता.

‘‘रगत काढता काय माह्यं?’’

‘‘रगत नाही काढत बाबा, त्याचा जोर पाहून राह्यलो. घरात कोनी अचानक डोकं धरून गेलं काय?’’

मी मिरचीच्या खकाण्याने शिंकत उभा होतो. डॉक्टरांनी वर न पाहताच विचारले, ‘‘तुम्हीच ते नवे डॉक्टर ना? बसा. बाबांचा हा दुसरा हात धरा.’’ नमस्कार वगैरे नंतर झाले.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी गौरव समितीने मला ‘डॉक्टरसाहेबांच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू’ असा विषय दिला आहे. समितीची क्षमा मागून सांगतो, पैलू मला दिसले नाहीत. मला दिसला तो त्यांचा हट्ट, आणि त्याच्याविषयीच मी लिहिणार आहे.

या हट्टाची सुरुवात मी येण्याच्या आदल्या वैशाखातली. गावातला दिनकर नावाचा तरुण शेतकरी वखर सोडून घरी आला तो डोके दोन्ही हातांनी दाबूनच. ‘डोक्यात कोनं कुऱ्हाड घातली’ एवढेच म्हणाला आणि भडाभडा ओकला. आमच्याकडचा वैशाख ज्यांनी सोसला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. घरच्यांनी कांदा ठेचून तळपायांना चोळला, भाजलेल्या कैरीचा गर अंगाला लावला, मीठ घालून पन्हे पाजले. डॉक्टरांना बोलावले, तेही ‘ऊन लागलं’ म्हणाले. दुखणे जरा ओसरले. दिनकर पुन्हा बिड्या ओढू लागला, शेतात जाऊ लागला आणि आठवडा उलटायच्या आत धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, कोसळून गेला.

डॉक्टरांना चैन पडेना. त्यांनी पुस्तके काढली, आपल्या गुरुजींना विचारले, आणि त्यांच्या ध्यानात आले की मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा आधी थोडा पाझरला होता आणि नंतर फुटला. ते पहिले डोके दुखणे म्हणजे सूचना होती. ‘‘अंगात ताप नव्हता हो,’’ ते मला म्हणाले. ‘‘मान ताठ होती. उन्हाचे दिवस म्हणून मी उन्हावर ढकललं.’’ हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितले असे नाही. दिनकरच्या तेरवीला भरल्या अंगणात उभे राहून सांगितले. असे सांगणारा दुसरा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही, आणि मी डॉक्टर पुष्कळ पाहिले आहेत.

तेव्हापासून ते दर बाजारी पोत्यावर बसू लागले. लोकांना समजेल असेच सांगत. ‘‘सायकलच्या ट्यूबले फुगा येते न? तसा नसले येते. कोनाले येईल ते सांगता येत नाही, पन हवा जास्त भरली का फुटते, हे तं समजते?’’ मग सोडायच्या यादीत बिडी आली, बायकांची भाजलेल्या तंबाखूची मिश्री आली, लोणच्याचा खार आला. ज्यांचा दाब वाढलेला निघे त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या देत आणि पुढच्या बाजारी तो माणूस दिसला नाही तर त्याच्या घरी जात. लोक त्यांना चुकवायला कापडबाजाराच्या बोळातून जाऊ लागले. डॉक्टरांनी पोते उचलून त्या बोळाच्या तोंडाशी टाकले!

‘घरात कोणी डोकं धरून गेलं का’ या प्रश्नाला मात्र कोणी खरे उत्तर देत नसे. एकाच घरात दोन माणसे अशी गेली, तर त्या घराण्यातच खोट आहे असे सोयरे म्हणणार आणि पोरी घरात राहणार. म्हणून लोक ‘छाती भरली’, ‘साप चावला’, ‘ऊन लागलं’ असे काहीही सांगत. खरे कारण माणसाबरोबरच जळून जाई.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दिनकरच्या बहिणीचा, गोकर्णाचा, निरोप आला. ती गावातच श्रीपतराव पाटलांकडे सून म्हणून दिलेली होती. दळण निवडता निवडता तिचे डोके एकदम फुटायला लागले होते. आम्ही पोचलो तेव्हा कांदा ठेचणे सुरूच होते. डॉक्टरांनी तिची मान हलकेच उचलून पाहिली. मानेबरोबर खांदे वर आले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

‘‘हिला उठवायचं नाही, बसवायचं नाही. मुंबईला न्यायचं,’’ ते म्हणाले.

श्रीपतरावांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. ‘‘उन्हानं डोकं दुखलं त मुंबई? डोकं फोडाले?’’

‘‘हे ऊन नाही.’’

‘‘दिनकरलेबी तुमीच ऊन म्हनलं होतं, डाक्तरसाहेब.’’

मला संताप आला, काहीतरी बोलणार होतो. डॉक्टरांनी मला हाताने थांबवले.

‘‘हाव, मीच म्हनलं होतं,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘मी चुकलो आन् तो गेला. म्हनूनच तुमच्या दारातून हलून नाही राह्यलो. इले नेल्याबिगर मी जात नाही.’’ आणि खरोखरच ते उंबऱ्यात मांडी घालून बसले.

गोकर्णाची आई कासाबाई लेकीच्या उशाशी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून तोच बाजारातला प्रश्न विचारला. व्याही समोर बसलेले, पदरात अजून एक पोर लग्नाची. कासाबाई कितीतरी वेळ लेकीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

‘‘इचा बापबी असाच गेला,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘आमी साप सांगतला. साप नोता. डोकं धरलं, ओकला, आन् चार दिसानं गेला. दिनकर गेला तवाबी मी मुकी राह्यली. आता नाही राहत. ने रे बापा इले.’’

श्रीपतराव उठले. मला वाटले, आता ते व्याहीणबाईला काहीबाही बोलणार. ते गड्याला म्हणाले, ‘‘दमनी जुंप. खाली गादी टाक. बैल हळू हाक, हिसका बसला त मी आहो.’’

मलकापूरहून रेल्वेने आम्ही तिला मुंबईला नेले. तिला खोकू द्यायचे नाही, कुंथू द्यायचे नाही, रडूही द्यायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. डब्यातली माणसे मोठ्याने बोलली तरी ते अंगावर धावून जात. भुसावळला एका चहावाल्याने खिडकीशी आरोळी ठोकली, त्याला त्यांनी असे झापले की तो गाडी सुटेपर्यंत कुजबुजत चहा विकत होता. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मानेतून औषध सोडून फोटो काढले. फुगा दिसला. तिथल्या शल्यविशारदांनी त्याच्या देठाला चिमटा लावला. वाटेत किंवा टेबलावर ती गेली असती, तर गाव डॉक्टरांना दोन्ही भावंडांच्या मरणावरून ओळखत राहिले असते. हे त्यांना माहीत होते, आणि तरीही त्यांनी तिला नेले.

गोकर्णा परत आली. उजवा हात थोडा मंद राहिला, तिच्या भाकरीची एक कड जाड होते. श्रीपतराव मात्र सुनेची भाकरी कशी पौष्टिक असते ते पाहुण्यांना समजावतात. कासाबाईच्या धाकट्या लेकीच्या स्थळाला तेच पुढे झाले. घरातले सगळे खरे सांगून, दर महिन्याला दाब मोजायची अट घालून त्यांनी ते लग्न जमवले.

डॉक्टरांनी माझ्यावर केलेल्या उपकारांबद्दल समितीने वेगळा परिच्छेद मागितला आहे. एकच सांगतो. मी तेव्हा सिगारेट ओढत असे. डॉक्टर उपदेश करत नसत, फक्त भर बाजारात पहिल्यांदा माझ्याच दंडाला पट्टा बांधून आकडा मोठ्याने वाचत. चार बाजार झाल्यावर मी पाकीट नाल्यात फेकले. माझ्या पत्नीने त्या दिवशी त्यांना पुरणपोळी पाठवली, मला नाही.

आज डॉक्टरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या ग्रंथासाठी आठवणी गोळा करायला मी त्यांना घेऊन गोकर्णाकडे गेलो होतो. लिहून घेण्यासारखे ती काही बोलली नाही. वाकून पाया पडली आणि म्हणाली, ‘‘डाक्तरसाहेब, माह्यं आयुष्य तुमाले लागो.’’

डॉक्टर एकदम भडकले. ‘‘खबरदार! पुन्यांदा असं बोलशील त. तुह्या मायनं ते किती काळीज घट्ट करून माह्या हातात देल्लं, माईत हाये? त्यातला एक दिवसबी मी घेत नाही.’’

बाहेर आल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणून आम्ही सारे जण आमचे आयुष्य त्यांना देण्याची भाषा करत नाही, ते घेणार नाहीत. त्यांचे स्वतःचेच त्यांना भरपूर मिळो, निरोगी मिळो, आणि येत्या बाजारीही पोते अंथरलेले असो, कारण कासाबाईसारख्या कितीतरी बाया अजून ‘साप’च सांगत आहेत.